ठेवतो की ठेवते

गेल्या उपवासकाळातली गोष्ट. लेकीचं पहिलं कम्युनियन ईस्टरनंतर होतं आणि त्याआधी सिस्टर तोंडी परीक्षा घेणार होत्या, त्यामुळे रोज संध्याकाळी मी ओट्यापाशी आणि ती डायनिंग टेबलवर असा आमचा क्लास चालायचा. माझ्या हातात वालाच्या शेंगा, तिच्या हातात कव्हर फाटलेली कॅटेकिझमची, म्हणजे धर्मशिक्षणाची वही. आमच्या बापा झालं, नमो मरिया झालं, दहा आज्ञा दोनदा अडखळत झाल्या, मग क्रीड आलं, म्हणजे देवावरच्या विश्वासाची कबुली देणारी प्रार्थना. तिथे ती पहिल्याच ओळीला थांबली, तर मी शेंगेची शीर काढता काढता, मान वर न करता, इतकी वर्षं तोंडात बसलंय तसंच पुढचं म्हणून दिलं, "...मी विश्वास ठेवतो." टेबलाकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "मम्मी, ठेवते." मी म्हटलं काय ठेवते? "तू मुलगी आहेस ना. मी ठेवते, असं पाहिजे. मराठीच्या टीचर मार्क कापतात." मी म्हटलं, अगं प्रार्थनेत तसंच असतं, पुस्तकात तसंच छापलंय. तिने वहीत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग हे कोण बोलतंय?"

मी म्हटलं, आधी पाठ कर, मग अक्कल चालव. शेंगा राहिल्या होत्या, कुकर व्हायचा होता.

पण ते राहिलं डोक्यात. रात्री भांडी लावताना, सकाळी विरार लोकलमध्ये एका पायावर उभी असताना, ऑफिसात एक्सेल उघडून बसल्यावर सुद्धा मधेच, हे कोण बोलतंय. माझं वय आता पंचेचाळीसच्या पुढे आहे, दर रविवारी म्हणजे वर्षाला पन्नासेक वेळा तरी मी ते म्हणत आलेय, शिवाय रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या, सुरुवातीला क्रूस हातात धरून म्हणतो ते वेगळं. एवढ्या वेळा मी पुरुष होऊन देवाबद्दल बोललेय आणि मला कधी खटकलं नाही. घरात आम्ही कादोडी, म्हणजे आमची वसईकडची बोली बोलतो, शाळेत मराठी शिकलो, ऑफिसात धेडगुजरी, आणि चर्चमधली मराठी ही एक चौथीच भाषा, इस्त्री केलेली, जिच्यात 'यांजवर' आणि 'उत्पन्नकर्ता' असे शब्द असतात. त्या भाषेत मी कोण आहे हे कधी तपासायची वेळच आली नव्हती.

पुढच्या रविवारी मुद्दाम ऐकलं. प्रवचन संपलं, फादर बसले, मग उठले, आणि आख्खं चर्च उठतं तेव्हाचा तो आवाज, बाकांचं कुरकुरणं, गुडघ्यांचं कटकटणं, कोणाच्या तरी पर्समधून खाली पडलेली किल्ली. आमच्याकडे अजूनही बऱ्यापैकी बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात, नवी जोडपी सोडून. तर पुरुषांच्या बाजूने शब्द स्वच्छ येत होता, ठेवतो, अगदी दार लावल्यासारखा. आमच्या बाजूला मात्र 'ठेव'पर्यंत सगळ्या एकत्र आणि शेवटच्या अक्षराला नुसता गिचमिड काला. माझ्या मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या ठामपणे 'तो'. कॉलेजातल्या पोरी ठामपणे 'ते'. आणि मधल्या, म्हणजे माझ्या वयाच्या, ज्या त्या अक्षराला आवाजच काढून घेतात, त्... एवढंच म्हणून पुढच्या शब्दावर उडी मारतात. मीही तेच करत होते की काय इतकी वर्षं, कोण जाणे. त्या दिवशी 'मानव झाला' या शब्दांना सगळ्यांनी मान लववली तेव्हा मी लववायची विसरले, कारण कान शेजारणीच्या तोंडाकडे होते.

आजी 'ठेवितो' म्हणायची. तो नव्हे, वितो. लाल लुगडं, डोक्यावर पदर, आणि संध्याकाळी सातला ओटीवर रोझरी. तिचा आवाज जाडा होता आणि रोझरी तीच चालवायची, आजोबा नुसते मागून पुटपुटायचे आणि तिसऱ्या रहस्यापर्यंत डुलक्या घ्यायचे. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे पुस्तकात काय छापलंय हा प्रश्नच नव्हता, तिच्या आईकडून जसं आलं तसं तिने घेतलं होतं, हंडा-कळशी घेतात तसं, आपल्या मापाचा आहे का बघत नाही कोणी. हीच आजी एरवी बोलताना इतकी बाई होती की विचारू नका, घरातल्या कोणाही पुरुषाची तिच्यासमोर बोलायची टाप नव्हती. पण क्रूसाच्या चिन्हानंतर पहिल्या वाक्याला ती 'ठेवितो' म्हणायची आणि त्या क्षणी ती आमची आजी नसायची, म्हणजे दुसरंच कोणीतरी तिच्या तोंडून बोलतंय असं मला लहानपणी वाटायचं आणि थोडी भीतीही वाटायची. आता वाटतं की तिच्या मते बहुतेक ते वाक्य तिचं नव्हतंच. ती फक्त पुढे देत होती.

तिला लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आठवायची. व्हॅटिकन परिषदेने 1963 साली लोकभाषेला दार उघडलं, त्याआधीची सगळी उमर तिची लॅटिनमध्येच गेली. अर्थ काही कळत नव्हता पण चाल आठवायची, आणि ती सांगायची की फादर पहिली ओळ एकटे गायचे, क्रेदो इन उनुम देउम, आणि मग दम घेऊन बाकी सगळे पुढची उचलायचे. हे मी नंतर कॉयरमध्ये असताना खरंच तसं असतं हे बघितलं, नोटेशनमध्येच तसं आहे, पहिले चार शब्द एकट्याचे आणि 'पात्रेम'पासून सगळ्यांचे. गंमत आहे ना, 'मी विश्वास ठेवतो' एवढं एकाने म्हणायचं, आणि कशावर ठेवतो ते सगळ्यांनी. आणि लॅटिनमध्ये क्रेदो म्हणजे क्रेदो, बाई असो की बुवा.

इंग्लिशमध्येही तसंच, आय बिलीव्ह, भानगड नाही. पण इंग्लिशवाल्यांनी वेगळीच भानगड करून ठेवली होती. माझं ऑफिस अंधेरीला, कधी सणावारी सुट्टी नसली की लंच अवरला जवळच्या चर्चमध्ये इंग्लिश मिस्साला जायचे, तिथे आधी 'वी बिलीव्ह' म्हणायचे. सत्तरच्या दशकातल्या इंग्रजी अनुवादात तसंच होतं, 'आम्ही'. मग रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, 2001 मध्ये सांगितलं की मूळ लॅटिन 'मी' आहे तर 'मी'च म्हणा, आणि 2011 साली नवा अनुवाद आला त्यात ते बदललं. बाकांवर लॅमिनेट केलेली कार्डं आली, बदललेले शब्द ठळक अक्षरात. लोक बरेच महिने गडबडायचे. एक म्हातारे गृहस्थ होते, कायम उजव्या बाजूचा खांब धरून उभे, त्यांनी कार्ड कधी हातातच घेतलं नाही. सगळे 'आय' म्हणत असताना त्यांचं 'वी' असं खणखणीत यायचं की पुढच्या रांगेतली मुलं वळून बघायची. बरं बाकीचं सगळं नवं म्हणायचे हो, तो 'कन्सबस्टॅन्शियल' हा जिभेची गाठ मारणारा शब्दसुद्धा न चुकता. फक्त सुरुवातीचा 'वी' सोडला नाही. मला तेव्हा त्यांचा राग यायचा, खरं सांगते, सगळे एका सुरात चाललेत तर तुम्हालाच काय एवढं. म्हणजे बघा, 'आम्ही' म्हणणारा माणूस त्या सगळ्या 'मी'मध्ये एकटा पडला होता. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय, तेव्हा नुसताच राग होता.

त्याच ऑफिसात माझ्या शेजारी एक गोयंकार बसायची. तिला मी लेकीचा किस्सा सांगितला तर ती म्हणे, आमच्या कोंकणीत क्रीडचं नावच 'सत्मानतां', हांव सत्मानतां, बाई म्हणो नाहीतर दादला, तेंच. सत् मानतां, खरं मानते. किंवा मानतो. बघा, मराठीत सांगायला गेलं की परत अडकलं. मला हेवा वाटला तिचा. ठेवणं आणि मानणं यातही फरक आहे, विश्वास ठेवायचा म्हणजे कुठेतरी नेऊन ठेवायचा, त्याला जागा लागते, ठेवणारा लागतो, आणि ठेवणारा आला की तो आणि ती आलेच.

मग मी जरा वाचायला लागले, म्हणजे रात्री लेक झोपल्यावर मोबाईलवर. रविवारचं क्रीड जिच्यापासून आलं ती नायसियाची परिषद 325 सालची, आत्ताच 2025 मध्ये त्याला सतराशे वर्षं झाली. तिथे जमलेल्या बिशपांनी जे मांडलं ते ग्रीकमध्ये अनेकवचनी आहे, आम्ही विश्वास ठेवतो, पिस्तेउओमेन. साहजिकच, ते खरोखरच एका जागी जमलेले शे-दोनशे-तीनशे लोक होते, भांडून भांडून एका शब्दावर आले होते आणि सही करायची होती. तो ठराव होता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिहितात तसा, आम्ही खाली सह्या करणारे. पण त्याच्या आधीपासून जे चालत होतं ते वेगळं. बाप्तिस्म्याला माणूस पाण्यात उभा असायचा आणि त्याला तीनदा विचारायचे, पित्यावर ठेवतोस का, पुत्रावर ठेवतोस का, आत्म्यावर ठेवतोस का, आणि दर वेळी त्याने स्वतः हो म्हणायचं आणि दर वेळी पाण्याखाली जायचं. तिथे आम्ही म्हणून चालत नाही, ओलं एकट्यालाच व्हायचंय. म्हणजे दोन्ही आहेत, ठराव पण आहे आणि पाणी पण आहे, आणि पुढे मिस्सामध्ये क्रीड आलं तेव्हा ठरावाचा मजकूर आणि पाण्यातला 'मी' अशी मोट बांधली गेली. स्पेनमध्ये 589 साली तोलेदोच्या परिषदेने क्रीड दर रविवारी म्हणायचं ठरवलं तेव्हा तिथल्या लोकांनी मात्र 'आम्ही'च ठेवलं, क्रेदिमुस. रोममध्ये तर 1014 पर्यंत रविवारी क्रीड म्हणतच नव्हते, सम्राट दुसऱ्या हेन्रीने आठवण करून दिल्यावर सुरू झालं. तो तिथे गेला आणि विचारलं की तुम्ही का म्हणत नाही, तर तिथले पाद्री म्हणे, आमच्याकडे कधी पाखंडाची बाधाच झाली नाही, आम्हाला गरज काय. काय तोरा बघा. वसईतल्या काही घराण्यांची आठवण झाली मला, नावं घेत नाही.

सगळ्यात मजा आली ती तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताचं वाचताना. त्याच्या काळीही कोणीतरी हाच फाटा फोडला होता, की ज्याच्याकडे नीटसा विश्वासच नाही असा माणूस 'मी असा असा विश्वास ठेवतो' म्हणाला तर ते खोटं नाही का? त्यावर थॉमसचं उत्तर असं की क्रीडमधला 'मी' हा सगळ्या चर्चच्या वतीने बोलतो, विश्वासाने एकत्र बांधलेल्या आख्ख्या चर्चचा तो आवाज आहे. म्हणजे मी म्हणजे मी नाहीच, किंवा मी आहे पण मोठा मी. रोमने 2001 मध्ये 'मी'च म्हणा सांगताना हाच आधार दिला होता. आणि मला रात्री साडेअकराला एकदम आठवलं की चर्चला आपण मराठीत काय म्हणतो? ख्रिस्तसभा. ती ख्रिस्तसभा. पवित्र माता ख्रिस्तसभा! मग थॉमसच्या हिशोबाने ती बोलतेय तर ती 'ठेवते' म्हणणार ना? म्हणजे चुकतंय कोण, तर पलीकडच्या बाजूचे सगळे पुरुष, फादरांसकट, खणखणीत 'ठेवतो' म्हणणारे! मी अंथरुणात एकटीच हसले. नवरा म्हणाला काय झालं, मी म्हटलं काही नाही, झोप.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात फादरांना गाठलं आणि हे सगळं सांगितलं. ते बिचारे एका हाताने कोणाच्या तरी स्कूटरवर आशीर्वादाचं पाणी मारत होते. हसले, म्हणाले, बाई, मुद्दा बिनतोड आहे, पण आता साठ वर्षांच्या पाटलाला 'मी ठेवते' म्हणायला तुम्ही सांगा, मी नाही सांगणार. मग म्हणाले 'माझा विश्वास आहे' असं केलं की प्रश्नच मिटतो. खरंय, मिटतो. पण 'आहे' म्हणजे तो आपोआप असतो, घरात फ्रीज आहे तसा. ठेवायला काहीतरी करावं लागतं. माझा विश्वास आहे हे मला कोणत्याही दिवशी छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही, पण ठेवते म्हणता येईल, म्हणजे आज ठेवून बघते, राहतोय का.

'आम्ही' करा म्हटलं तरी मराठीत सुटका नाहीच. इंग्लिशवाल्यांचं 'वी' म्हणजे वी, आपल्याकडे लगेच प्रश्न, आम्ही की आपण? आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर, आपण म्हटलं की समोरचा आत. 'आमच्या बापा' बरोबर आहे, कारण ते बापालाच सांगतोय, बाप काही आपल्यात धरायचा नाही. पण क्रीड देवाला उद्देशून नाहीच मुळी, नीट ऐका, त्यात देव तृतीय पुरुषी आहे, त्याच्यावर, ज्याने केलं, जो आला, जो येणार आहे. देवाबद्दल बोलतोय आपण, देवाशी नाही. मग कोणाशी? शेजारणीशी, मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांशी, पलीकडच्या पुरुषांशी. म्हणजे खरं तर 'आपण' पाहिजे. पण 'आपण विश्वास ठेवतो' म्हटलं की ते बालवाडीतल्या बाईंसारखं वाटतं, आपण हात धुतो, आपण डबा खातो, आणि दुसरं म्हणजे शेजारचीला न विचारता तिला आत ओढल्यासारखंही होतं. तिचं तिला माहीत. मला माझ्या घरातल्याच एका माणसाचं माहीत नाही.

पप्पांबद्दल लिहायचं की नाही हे ठरत नव्हतं.

लहानपणी मी पप्पांबरोबर पुरुषांच्या बाजूला उभी राहायचे, चालायचं तेव्हा, सात-आठ वर्षांपर्यंत. माझं डोकं त्यांच्या कोपराशी यायचं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्याला नीळ आणि खोबरेल तेलाचा वास, आणि मनगटावर ते जाड पट्ट्याचं घड्याळ. गाणी म्हणायचे पप्पा, चांगला आवाज होता. आमच्या बापा म्हणायचे. पण क्रीडच्या वेळी तोंड बंद. हात पुढे बांधून, नजर वेदीच्या वरच्या खिडकीकडे, जिथे कबुतरं बसायची. आजूबाजूने ते सगळं गाडीसारखं धडधडत जायचं, पिलात, क्रूस, तिसरा दिवस, आणि पप्पा प्लॅटफॉर्मवर उभे असल्यासारखे नुसते बघत. 'मानव झाला'ला मान मात्र लववायचे. आणि शेवटी आमेन म्हणायचे, तेही स्पष्ट. मला वाटायचं पुरुषांनी असंच करायचं असतं, मग एकदा बाजूच्या काकांकडे बघितलं तर ते म्हणत होते. मी घरी येऊन मम्मीला विचारलं, तर मम्मीने पोळी लाटताना माझ्याकडे असं बघितलं की मी परत कधी कोणाला विचारलं नाही. पप्पांना तर नाहीच. त्यांच्याशी मी आजवर कर्जापासून ऑपरेशनपर्यंत सगळं बोललेय, हे नाही.

मी मनातल्या मनात खूप कारणं लावली. विसरले असतील. नंतर मोठं झाल्यावर वाटलं की त्यांच्या धाकट्या भावाच्या अपघातानंतरचं असेल, पण माझी आठवण त्याच्या आधीची आहे. युनियनमध्ये होते काही वर्षं, तिथलं काही असेल. किंवा एवढंच असेल की एखाद्या वाक्यावर त्यांचं घोडं अडलं आणि पप्पा तसले माणूस आहेत की एक वाक्य पटलं नाही तर बाकीची अकरा म्हणणार नाहीत, वीजबिलात चार रुपये चुकले म्हणून तीन हेलपाटे घातलेले आहेत त्यांनी. पण मग रविवार चुकवला नाही कधी, ताप असला तरी. आणि ते आमेन कशाला?

संत ऑगस्टीनने एक गोष्ट सांगून ठेवलीय, विक्टोरिनुस नावाच्या रोममधल्या नामांकित वक्त्याची. एवढा मोठा की चौकात पुतळा होता त्याचा. म्हातारपणी त्याने ख्रिस्ती ग्रंथ वाचले आणि एका पाद्रीमित्राच्या कानात सांगितलं, मी आता ख्रिस्तीच आहे बरं का. मित्र म्हणाला, चर्चमध्ये बघेन तेव्हा मानेन. तर हा हसून म्हणतो, मग काय, भिंती माणसाला ख्रिस्ती करतात? हे म्हणे असं बऱ्याच वेळा झालं, तेच वाक्य, तेच उत्तर. शेवटी एक दिवस तो स्वतःच म्हणाला, चल चर्चमध्ये. तेव्हा रोममध्ये बाप्तिस्म्याआधी उंच जागी उभं राहून सगळ्यांसमोर क्रीड पाठ म्हणून दाखवायला लागायचं. लाजणाऱ्या लोकांना आत खाजगीत म्हणायची सवलत होती, ती त्यालाही देऊ केली. त्याने नाही म्हटलं. तो वर चढला तेव्हा खाली लोकांत कुजबुज, विक्टोरिनुस, विक्टोरिनुस, आणि मग सगळे एकदम गप्प, ऐकायला.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला विक्टोरिनुसपेक्षा तो भिंतींचा प्रश्न जास्त आवडला आणि त्याच्यामागे पप्पा दिसले, अगदी उलटे. हा भिंतींच्या बाहेर राहून म्हणतो माझा विश्वास आहे, आणि पप्पा भिंतींच्या आत, चौथ्या रांगेत, चाळीस-पन्नास वर्षं, काहीच न म्हणता. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात एक वाक्य आहे, कोणी एकट्याने विश्वास ठेवू शकत नाही, जसं कोणी एकटं जगू शकत नाही. फादरांच्या प्रवचनात येतं अधूनमधून. मला त्याने बरं पण वाटतं आणि चीडही येते. बरं अशासाठी की माझे असे बरेच रविवार आहेत जेव्हा मी नुसती ओठ हलवते, मनात घरी जाऊन मटण कधी शिजणार चाललेलं असतं, आणि बाजूच्या बाया ते वाक्य ओढून नेतात, मी मागच्या डब्यात बसून. आणि चीड अशासाठी की मग ज्याला ते वाक्य खोटं म्हणायचं नाही म्हणून जो गप्प उभा आहे, त्याचं काय. त्याच्या वतीने आम्ही म्हणून टाकलं की झालं? त्याला विचारलंय कोणी? त्याच्या लेकीनेसुद्धा नाही.

तर ईस्टरची रात्र आली. आमच्याकडे गर्दी मावत नाही म्हणून चर्चच्या मैदानात असते, खुर्च्या, खाली गवत, अंगावर किडे, लाइट घालवलेल्या. आधी शेकोटीसारखी आग, त्यावरून मोठी मेणबत्ती पेटते, तिच्यावरून पहिल्या रांगेच्या, मग मागच्या, असा तो उजेड सरकत सरकत मागे येतो आणि दर वर्षी माहीत असूनही अंगावर काटा येतो. कागदाचे कप अडकवलेल्या मेणबत्त्या, तरी मेण हातावर पडतंच. पप्पा आता ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेत, पण बसायला तयार नाहीत. मैदानात बाजू वगैरे कोणी पाळत नाही, लेक आजोबांच्या शेजारी होती, मी तिच्या पलीकडे, दीर आणि त्यांची पोरं मधे आल्याने दोन-तीन माणसं सोडून. त्या रात्री क्रीड नसतं. त्याच्याऐवजी फादर बाप्तिस्म्याचे प्रश्न परत विचारतात, सगळ्यांनी हातात पेटती मेणबत्ती घेऊन उत्तर द्यायचं. तीन प्रश्न सैतानाला सोडण्याचे, तीन विश्वासाचे. पाण्यातले तेच तीन.

"तुम्ही विश्वास ठेवता का?" फादरांनी माईकवर विचारलं. आणि मला ते पहिल्यांदाच ऐकू आलं, तुम्ही. हजार लोकांनाही तुम्ही आणि पप्पांसारख्या एकट्या म्हाताऱ्या माणसालाही तुम्हीच. कोणाला विचारताय फादर? उत्तरात कोणी 'ठेवतो' म्हणत होतं, पण मैदानभर बहुतेक नुसतं होय, होय म्हणजे होय, त्याला लिंग नाही, वचन नाही. मी पप्पांकडे बघायचा प्रयत्न केला तर दिराच्या मोठ्याचं डोकं मधे. मेणबत्तीचा उजेड खालून येत होता, सगळ्यांचे चेहरे एकसारखे पिवळे. काही दिसलं नाही. मग फादर पाणी शिंपडत आले, अर्ध्या मेणबत्त्या त्यांनीच विझवल्या, पोरं किंचाळली.

घरी पोचायला दीड वाजला. लेकीच्या हातावरचं मेण नखाने काढत होते आणि ती झोपेत बडबडत होती, फटाके उद्या वाजवायचे ना, केक कधी कापायचा. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आजोबा म्हणत होते का गं, होय?

"हो," म्हणाली. "मोठ्यांदा."

प्रत्येक वेळी?

तिने विचार केला. ती मोजणारी पोर आहे, पायऱ्या मोजते, इडल्या मोजते. "सहा प्रश्न होते. आजोबा पाचदा म्हणाले."

कुठल्या वेळी नाही म्हणाले?

"आठवत नाही. एकदा माझी मेणबत्ती वाकडी झाली होती ना, तेव्हा ते ती सरळ करत होते," ती म्हणाली, आणि हात माझ्या हातातच ठेवून झोपली.